डब्यात उरलेली चिठ्ठी

काय सांगू तुम्हाला, गणित शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या गल्लीत तोंड बंद ठेवावं, हे मला जरा उशिराच कळलं. चहा घ्या, सांगतो.

लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झालेला. कलेक्टर आले, लाल दिव्याची गाडी आली, फक्त नळाला पाणी आलं नाही. दुष्काळच तसा होता. आमच्या गल्लीत पाच घरं आणि रोज एक टँकर. ज्याचा पहिला नंबर त्याचा हौद भरायचा, बाकीच्यांना दोन-दोन घागरी. नंबर चिठ्ठीने ठरायचा. शेजारचे किराणा दुकानदार नागप्पाअण्णा डालड्याच्या डब्यातून चिठ्ठी काढायचे आणि निघालेली चिठ्ठी पाचही घरांची पाळी होईपर्यंत बाहेरच ठेवायचे.

मला हे खटकायचं. मी मूळचा नायगावचा, इथे कॉलेजात संभाव्यता शिकवायचो. एके दिवशी चौथी चिठ्ठी निघाली, अण्णांचा हौद भरला आणि मला राहवलं नाही. टँकरपाशीच तास घेतला. म्हटलं, ही अवलंबी घटना झाली, आज काय निघालं त्यावर उद्याचं ठरतं. चिठ्ठी परत डब्यात टाका, म्हणजे प्रत्येक दिवस स्वतंत्र. डब्याला कालचं काही आठवत नाही. रोज प्रत्येकाला पाचात एक संधी!

चारही घरांनी माना डोलावल्या. वर्गात वर्षभर जे कुणाच्या डोक्यात शिरत नाही, ते इथे एका मिनिटात शिरलं. अण्णांनी तर लगेच चारी चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. मी तरंगतच घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"अहो, डब्यात कुणाची चिठ्ठी उरली होती?"

"आपली."

"मंग कुंदाला बघायला जळकोटचे पाव्हणे म्या उद्याच का बोलावले?"

कुंदा म्हणजे माझी धाकटी बहीण. आधीची दोन स्थळं मोडलेली, तिसरं हातचं जाऊ नये म्हणून घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. पाव्हण्यांच्या आंघोळी, स्वयंपाक, आणि पाणी दोन घागरी! उद्याचं पाणी शंभर टक्के आमचं होतं हो. मीच व्याख्यान देऊन ते पाचात एकवर आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून अण्णांकडे गेलो. म्हटलं, नवा नियम उद्यापासून लावू. अण्णा शांतपणे म्हणाले, एवढं चांगलं समजावून सांगितल्यावर आता कसं बदलावं? टँकर आला, चिठ्ठी निघाली. कुणाची? अण्णांचीच. मी म्हटलं, अण्णा, तुमचं तर कालच झालं.

"डब्याला कुठं आठवतंय, सर?"

माणूस मात्र दिलदार. पाव्हण्यांच्या आंघोळी त्यांच्याच हौदावर झाल्या, स्वयंपाकाचं पाणीही त्यांनीच दिलं. फक्त तांब्या हातात देताना प्रत्येक पाव्हण्याला त्यांनी ही हकीकत पहिल्यापासून ऐकवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं झाली. मुलाच्या वडिलांनी सुपारी कातरली आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण एक अट हाय."

मी मनातल्या मनात हुंड्याचा आकडा मांडू लागलो.

"लग्नाची तारीख वहिनीबाईंनी ठरवायची. सरांनी मधी बोलायचं न्हाई."

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून कुंदाचाच आवाज आला, "मंजूर हाय."