गेनोवेफाचे पाय

पोलंडमधल्या वूच शहरातल्या लुडोमिरा झारेम्बाबाईंनी अठ्ठावीस वर्षं सिनेमे काढले, पण रस्त्यात त्यांना कधी कुणी ओळखलं नाही. ओळखणार तरी कसं? सगळे सिनेमे दहा-दहा मिनिटांचे, शाळांसाठी. बटाट्यावरची कीड, दातांची निगा, मधमाश्या. बाईंना त्याचं काही वाटत नसे. मधमाश्यांनी कॅमेरामनच्या नाकाचा कसा भोपळा केला, हे मात्र त्या दर वर्षी आपल्या नामदिवसाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या सणाला, नव्यानं रंगवून सांगत.

एकदाच त्यांचा जीव एका मिनिटात अडकला. कापडगिरणीवरचा सिनेमा होता. कामाची पाळी संपल्यावर गेनोवेफा नावाची विणकर बाकावर टेकली, बूट काढले आणि फाटक्या मोज्यांतली सुजलेली पावलं चोळत बसली. बस्स, एवढंच. बाईंना वाटलं, आजवर आपण जे केलं ते इथवर पोचायलाच. पण सिनेमे तपासणाऱ्या सरकारी पाहणी समितीला कामगार हसरा लागे. हे मिनिट कापलं जाणार, हे उघडच होतं.

मग बाईंनी तिथले सगळे दिग्दर्शक करत तेच केलं. ते कापून समितीचं समाधान व्हावं आणि बाकीचं वाचावं, म्हणून कात्रीपुढे टाकायला एक भलतंच दृश्य घातलं: रखवालदाराचं पांढरं कुत्रं, लाल झेंड्याच्या काठीशी पाय वर करून.

सिनेमा संपला, दिवे लागले. समितीचे अध्यक्ष दुदेक पोट धरधरून हसत होते.

"कुत्रं झकास आहे हो! राहू द्या ते."

म्हणजे आता कात्री गेनोवेफावर, हे बाईंनी ओळखलं.

"ती पाय चोळणारी मात्र..." दुदेक चष्मा पुसायला लागले. "आमची आईपण मागावर होती. घरी आली की पहिलं हेच करायची." त्यांनी चष्मा परत चढवला. "पण लुडोमिराबाई, मला कागदावर काहीतरी कापलेलं दाखवावं लागतं."

"मग कुत्रं कापा की!"

"अरेरे, बिचारं," म्हणत त्यांनी सही केली.

पुढे गिरणीच्याच सभागृहात सिनेमा लागला. ते मिनिट आलं तेव्हा बाई पडदा सोडून माणसं बघत होत्या. अंधारात, खुर्च्यांखाली, बायका एकेक करून बूट काढत होत्या.

पुढच्या रांगेतली गेनोवेफा तेवढी फणकारली, "आधी सांगायचं होतं बाई! धड मोजे तरी घातले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. तिच्या शेजारी बसल्या आणि त्यांनीही आपले बूट काढले.