वर्नाचा ट्रेलर

वर्ना ओलिलाने घट्ट केलेली गोष्ट पुन्हा उघडत नाही, हे आमच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तिथल्या बरण्यांची झाकणं काढायला शेवटी वर्गातले पैलवान बोलवावे लागायचे म्हणे. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि माझ्या समोरच्या घरात एकटी राहते. तिच्या दाराची कडीसुद्धा मला एका झटक्यात निघत नाही.

तिची थोरली बहीण आयली इथून चौदा मैलांवर, हेरॉन तळ्याच्या पलीकडे, जंगलातल्या लाकडी घरात राहते. तिथला रस्ता पहिल्या मोठ्या बर्फात बंद होतो तो एप्रिलपर्यंत. इतकी वर्षं त्याने काही अडलं नाही. वर्ना दर शनिवारी घरामागूनच स्नोमोबाईल, म्हणजे बर्फगाडी, काढायची, रानातल्या वाटेने तासाभरात पोचायची. मागे बांधलेल्या पेटीत पीठ, दूध, औषधं. मग दोघी बहिणी सॉनात तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफेत बसायच्या, नंतर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव. रविवारी सकाळी वर्ना परत.

गेल्या उन्हाळ्यात मधली जमीन विकली गेली. नवा मालक दक्षिणेकडचा. त्याने वाटेवर साखळी लावली. आता आयलीकडे जायचं तर बर्फगाडी ट्रेलरवर चढवून हमरस्त्याने तळ्याला वळसा घालायचा आणि पलीकडून जंगलात शिरायचं. वर्नाकडे ट्रेलर नव्हता. आणि आयलीने स्पष्ट सांगितलं होतं: शनिवारी कोणी येणार असेल तर मी इथे राहते, नाहीतर गावात म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली घेते. ती खोली नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत राखून ठेवलेली होती.

सप्टेंबरअखेरीस वर्नाने कुठल्याशा परसातून एक जुना उघडा ट्रेलर ओढून आणला. दोन बर्फगाड्या मावतील एवढा. लाकडाचा तळ इतका कुजलेला की माझा अंगठा आरपार गेला. लोखंडी सांगाडा गंजलेला, टायरना भेगा, दिव्यांच्या तारा उंदरांनी खाल्लेल्या. मी म्हटलं, हे आणलंस की पुरायला घेऊन चाललीस? तिने मला कॉफी विचारली नाही, त्यावरून राग आल्याचं कळलं.

पण बाई कामाला लागली. कुजक्या फळ्या उचकटल्या. तारेच्या ब्रशने गंज खरवडला. तीन दिवस तिच्या अंगणात तांबडी धूळ उडत होती आणि माझे वाळत घातलेले शर्ट त्यात रंगले. सांगाड्याला काळा रंग दिला. जाड प्लायवूड आणून कापलं, त्याच्या कडाही रंगवल्या, कारण पाणी शिरतं ते कडेतून. बर्फगाडीच्या पुढच्या घसरपट्ट्यांखाली धारदार पाती असतात, ती लाकूड फाडतात, म्हणून तळावर प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकल्या. नवे टायर, नवे दिवे. सगळं एकटीने. मान्य करावं लागतं, काम देखणं होतं.

आता आमच्या लोकांची खोड सांगायला हवी. आमचे आजे-पणजे फिनलंडहून इथे तांब्याच्या खाणीत आले, आणि येताना एक नियम घेऊन आले: कोणाकडे मदत मागायची नाही, आणि मागितल्याशिवाय कोणाला शहाणपण शिकवायचं नाही. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं, तर एक जण चुकत असतो आणि बाकीचे खिशात हात घालून बघत असतात.

ऑक्टोबरात तसंच झालं. वर्ना चाकांची बेअरिंगं करत होती. ट्रेलर ठोकळ्यांवर चढवलेला. तिने जुनी बेअरिंगं धुतली, तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन त्यात दाबून दाबून भरलं, चाक बसवलं आणि मधला नट आवळायला घेतला. मी कुंपणाशी होतो. रूडी यालोनेन होता, जो आयुष्यभर लाकूड वाहणारे ट्रक दुरुस्त करत आला. वर्नाने पाना धरला आणि नट आवळला. मग पाय रोवून आणखी आवळला. मग पान्यावर जवळजवळ उभीच राहिली.

हा नट आवळून पुन्हा किंचित सैल करायचा असतो, नाहीतर बेअरिंग तापून करपतं, हे रूडीला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रूडी म्हणाला, यंदा थंडी लवकर येणार. मी म्हटलं, हो, दिसतंय तसं. आणि आम्ही आपापल्या घरी गेलो. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने गाडी ट्रेलरवर चढवली आणि फेरी मारायला निघाली. वीस मिनिटांनी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर ट्रेलर रस्त्याच्या कडेला उभा, डाव्या चाकातून धूर, आणि वर्ना चालत माझ्याकडे येत होती. उजव्या हाताची बोटं तिने काखेत धरली होती.

मी दार उघडलं. ती आत येऊन बसली. मी थंड पाण्याचं पातेलं पुढे ठेवलं, तिने त्यात चाकाला लागून पोळलेली बोटं बुडवली. मग सुरू झालं तिचं ताकाला जाऊन भांडं लपवणं. थंडी बरीच आहे म्हणाली. माझा पडदा नवा दिसतो म्हणाली. पडदा अकरा वर्षांचा आहे.

शेवटी पातेल्याकडे बघत तिने विचारलं, "नट फार आवळला होता का रे, लेस?"

"हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं?"

"कळलं होतं."

"आणि त्या रूडीला?"

"त्याला माझ्या आधी."

"मग तोंडात काय मूग धरून बसला होतात?"

"तू विचारलं नाहीस."

तिने बोटं पाण्यातून बाहेर काढली. मला वाटलं आता पातेलं डोक्यावर येतंय. पण ती म्हणाली, "आयलीला मी सांगितलंय की हे तिच्यासाठी करतेय. खोटं आहे ते. ती गावात गेली तर सुखात राहील. पत्ते खेळायला चार बायका मिळतील. मला शनिवारी जायला दुसरं घर नाही रे."

एवढं बोलणं तिला किती जड गेलं असेल, ते मी जाणतो. मग ती म्हणाली, "मला मदत कर."

मी टोपी शोधायला लागलो, कारण डोळे भरून आले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते. रूडीला फोन केला. तो पाच मिनिटांत आला, खिशात नवी बेअरिंगं घेऊन. मापं बरोबर होती. मी विचारलं, कधी आणलीस? तर म्हणाला, ऑक्टोबरात.

वर्नाने त्याला शेलक्या शिव्या दिल्या आणि मग आम्ही तिघं कामाला लागलो. करपलेलं बेअरिंग निळं पडलं होतं. नवं बसवून रूडीने तिच्याकडून नट आवळून घेतला, चाक फिरवायला लावलं आणि म्हणाला, आता नट मागे फिरव. चाक हलक्या हाताने गरगर फिरेल इतका सैल सोड, मग पिन घाल. तिने सोडला, पण हात पुन्हा पान्याकडे जात होता. रूडीने पाना काढून स्वतःच्या खिशात ठेवला. मग दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं.

सणाच्या आधीच्या बुधवारी दीड फूट बर्फ पडला आणि जंगलातला रस्ता बंद झाला. शनिवारी वर्नाने खिडकीवर टकटक केली. ट्रेलरवर दुसरी जागा रिकामीच चालली आहे, म्हणाली. मी माझी बर्फगाडी चढवली. वाटेत तीनदा थांबून आम्ही चाकांच्या गाभ्यांना हात लावून पाहिला. तिन्ही वेळा गार.

तळ्यापलीकडे बर्फगाड्या उतरवून आयलीच्या घरी पोचलो तर ती दारातच उभी होती. कोट घातलेला, टोपी घातलेली, पायाशी दोन बॅगा आणि पट्ट्याने बांधलेली उशी. सणापर्यंतची खोली तिने सोमवारपर्यंत राखून घेतली होती. आज दुपारपर्यंत कोणी आलं नाही तर वनखात्याच्या माणसाबरोबर निघायचं ठरलं होतं.

वर्नाने इंजिन बंद केलं. पिठाची पिशवी छातीशी धरून ती तशीच बर्फात उभी राहिली.

आयलीने टोपी काढली. "सॉना पेटवलेला नाही मी," ती म्हणाली. "आज वाफ नसेल असंच धरून चालले होते. लाकडं आण. आणि सोमवारी गावात सांग, ती खोली दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणावं."