कुर्ली पेटते आणि विझते

गाडी जुनी झाली की तिच्यात माणसं कमी आणि गोष्टी जास्त बसतात. आमच्या गाडीत तर गेल्या चार महिन्यांत इतक्या जमल्या, की आधी कुठली सांगू तेच कळत नाही. सांगतो सावकाश.

त्याआधी एक सांगायला हवं. आमच्या घरकारणीचं, सरस्वतीचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दर मंगळवारी तिला लाटंबार्सेहून म्हापशाला पायाच्या व्यायामाला न्यायचं. एकही मंगळवार चुकवायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. बसची पायरी उंच. एकदा चढायला गेली ती दांडा धरून मध्येच अडकली. मागे माणसं खोळंबली. ती उतरली, आणि त्यानंतर बसचं नाव काढलं नाही. म्हणजे गाडी थांबली की व्यायाम थांबला!

*

एका मंगळवारी अस्नोड्याकडे गाडीत समोर पिवळं चित्र पेटलं. मला तो पाण्याचा पंप वाटला. सरस्वती वाकून बघत म्हणाली, "अहो, ही कुर्ली कशाला पेटली?"

मग मलाही कुर्लीच दिसायला लागली. नांग्या आखडून बसलेला खेकडाच जणू. घरी पोचेपर्यंत विझली.

गाडीचं पुस्तक काढलं. ते इंग्लिश, आणि मी तर मराठीही बोट ठेवून वाचतो. चित्रांत कुर्ली सापडली, पण तिच्यासमोर काय लिहिलंय ते कोण सांगणार? घाबरायचं की नाही, एवढंच मला हवं होतं.

*

कारापूरला तानाजीचं गॅरेज आहे. मूळचा बेळगावकडचा, मनाने सरळ. म्हापशाच्या अगदी उलट्या वाटेला, तरी गेलो. वाटभर कुर्ली पेटलेली. गॅरेजच्या दारात विझली.

"दिवाच नाही की हो, काका!" तानाजी म्हणाला.

त्याने मशीन लावून बघितलं. म्हणाला, सेन्सर असेल, नाहीतर वायर असेल, नाहीतर उंदराने दात लावले असतील. मी विचारलं, सेन्सर बदलू का? म्हणाला, बदलला तर दिवा जाईलच असं नाही, आणि नाही बदलला तर गाडी बंद पडेलच असंही नाही.

"मग मी काय करू?"

"ते तुम्हीच ठरवा की, काका."

एवढं लांब गेलो, आणि जाताना होता त्याहून जास्त गोंधळ घेऊन परत आलो.

*

आमचा शेजारी विठो. खाणीच्या ट्रकावर जन्म काढलेला. तो म्हणाला, "आमच्या ट्रकात सगळे दिवे कायम पेटलेले असायचे. एखादा विझला तर आम्ही घाबरायचो!"

त्याने बॅटरीची वायर काढली, विडी संपेपर्यंत थांबला, परत लावली. कुर्ली गेली. घड्याळही गेलं. आता आमच्या गाडीत कधीही बसा, वेळ भलतीच.

चौथ्या दिवशी कुर्ली परत आली. घड्याळ काही परत आलं नाही.

*

मी सारखा समोरच्या दिव्याकडे बघून चालवतो, रस्त्याकडे बघत नाही, असं सरस्वतीचं म्हणणं. खोटं नव्हतं. एके दिवशी तिने कपाळावरची मोठी टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली.

"दिसते आता? नाही ना? मग चालवा."

दोन मंगळवार सुखात गेले. तिसऱ्याला टिकलीच्या कडेकडेने उजेड यायला लागला. विठो मागे बसलेला. त्याने देवीसमोर जोडावेत तसे हात जोडले.

*

शेवटी देवळात कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवाला दोन बाजूंनी पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर दुरुस्त करायची, डावी पडली तर नाही. आम्ही बसलो. पाकळ्या हलेनात. बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या, आणि मग दोन्ही एकदम पडल्या!

गुरव माझ्याकडे वळला. "शाणूबाब, देवाक काय विचारलंस?"

मी खरं ते सांगितलं. गाडीचं विचारलं, आणि त्याबरोबर हिचा पाय बसच्या पायरीवर कधी चढेल तेही विचारलं.

"एका कौलाक एकच विचारूचा असता," गुरव म्हणाला. त्याने पाकळ्या पुन्हा लावल्या. मी फक्त गाडीचं विचारलं. उजवी लगेच पडली. दुसरं विचारायचा धीर मला झाला नाही.

*

गाडी तानाजीकडे सोडली. तो म्हणाला, दिवा पेटलेला बघितल्याशिवाय हात लावणार नाही. रोज गाडी फिरवायचा. कुर्ली पेटेना. असं करता करता मंगळवार आला.

मी म्हटलं, आज राहूदे. सरस्वती उठली. लुगडं बदललं, काठी घेतली आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

बस आली. तिने दांडा धरला. मागे माणसं खोळंबली. तिने एक पाय उचलून पायरीवर ठेवला. मग थांबली. मग दुसरा आणला. मी खाली उभा राहून बघतच राहिलो. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुम्ही येणार का आम्ही जाऊ?"

ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. बस सुटली. बऱ्याच वेळाने तिने मला कोपराने ढोसलं आणि पुढे बोट दाखवलं. ड्रायव्हरच्या समोर पिवळी कुर्ली पेटलेली होती, आणि तो आरामात चालवत होता.

सरस्वतीने कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या बोटावर चिकटवली.

"द्या त्याला," ती म्हणाली.