इयत्ता सातवी, घटक मृदा

बी.एड.ची दोन वर्षं मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो गंगापूर रोडवरच्या सराव-शाळेतला दुपारचा प्रकाश. तो खिडकीतून तिरपा यायचा आणि त्यात खडूची धूळ इतकी सावकाश उतरायची की तास संपला तरी ती जमिनीला टेकलेली नसायची.

मी कळवणहून आले होते. तिथल्या शाळेत चार वर्षं तासिकेवर शिकवल्यावर मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाई, तुमी शिकवता लय भारी. पण कागद नाय ना! दोन वर्षं जागा धरून ठेवतो. तिसऱ्या वर्षी मला बोल लावू नका." म्हणून चौतिसाव्या वर्षी मी शिकवायला शिकू लागले.

कॉलेजात पाठापेक्षा टाचणाला मान होता. पाठाच्या आदल्या दिवशी ते तीन रंगांत लिहायचं. डाव्या रकान्यात शिक्षकाची कृती, उजव्या रकान्यात विद्यार्थ्यांची. म्हणजे मुलं उद्या काय बोलतील तेही आपणच लिहायचं. मुलांनी आपलं ज्ञान आपणच रचावं, या विषयावरचं व्याख्यान आम्ही दोन तास मान खाली घालून उतरवून घेतलं होतं.

परीक्षेच्या पाठाला मला सातवी आली, घटक मृदा. बाहेरून आलेले परीक्षक शेवटच्या बाकावर फाईल उघडून बसले. या पाठावर माझी पदवी आणि पदवीवर कळवणची जागा. तेवढ्यात पहिल्या बाकावरची मुलगी कुजबुजली, "मॅडम, परीक्षा आहे ना? दोन-तीन उत्तरं मुद्दाम चुकवू का? मागच्या मॅडम म्हणाल्या होत्या, सगळी बरोबर आली की सरांना संशय येतो."

"मुळीच नाही," मी म्हणाले. चूक तिथेच झाली.

"झाडं कशात वाढतात?" मी विचारलं. टाचणाप्रमाणे अशा पाच प्रश्नांनी हळूहळू घटकाच्या नावापर्यंत पोचायचं होतं. पण माझ्याआधी दोघींनी याच वर्गावर हाच घटक घेतला होता. चाळीस मुलं एका सुरात म्हणाली, "आज आपण मृदा या घटकाचा अभ्यास करणार आहोत!" पाठोपाठ व्याख्या, थर, प्रकार, धूप, संवर्धनाचे उपाय. सात मिनिटांत माझा पाठ त्यांनी संपवला आणि मदत केल्याच्या समाधानाने माझ्याकडे बघत बसली.

उरलेला तास पुढे पसरला होता. झोपेत बोलावं तशी मी म्हणाले, "हातात घेतली आहे का कुणी?"

"काय, मॅडम?"

"माती."

"आमच्या कुंडीत कोकोपीट आहे."

"अगं, तो नारळाचा भुसा असतो."

"तूच भुसा!"

"चला, शोधू या," मी म्हणाले.

मैदानात फाटकापासून पायऱ्यांपर्यंत पेव्हर ब्लॉक. चाळीस मुलं वाकून फटींमध्ये बघत चालली होती, काही मौल्यवान हरवल्यासारखी. ऊन मऊ होतं, सावल्या लांबल्या होत्या, आणि सगळ्यांच्या मागे फाईल छातीशी धरून परीक्षक. कडुलिंबाजवळ, गळक्या नळाखाली, परातीएवढी माती सापडली. पहिल्या बाकावरच्या मुलीने तिच्यावर तळहात ठेवला.

"मॅडम, थंड आहे!"

हे कुठल्याच व्याख्येत नव्हतं. मग सगळ्यांनाच हात ठेवायचा होता. रांग संपायच्या आत घंटा झाली.

मुलं गेल्यावर परीक्षक म्हणाले, "फळा कोरा. तक्ता गुंडाळलेलाच. स्वाध्याय नाही." टाचण उलटंपालटं करून त्यांनी विचारलं, "आणि हे शोधणं यात कुठे आहे?"

"नाही, सर."

"पाठ झाला, बाई. मी पाहिला. पण मी पाहून काय उपयोग? कागदावर दिसायला हवा. चार वाजेपर्यंत मी इथे आहे. झाला तसा लिहून आणा."

मी कडुलिंबाखाली बसले आणि घडून गेलेली दुपार, अजून घडायची असल्यासारखी, लिहू लागले. विद्यार्थी माती शोधतील. ती त्यांना नळाजवळ सापडेल. एक विद्यार्थिनी हात ठेवील आणि थंड असल्याचं सांगेल. उजवा रकाना भरत गेला. डाव्यात, शिक्षकाच्या कृतीत, लिहिण्यासारखं काही सापडेना. चारला दहा कमी असताना लिहिलं, 'शिक्षक सोबत चालतील.'

सरांनी तेवढंच वाचलं आणि सही केली.