न मागितलेली सूट

आमच्या जालन्याच्या शोरूममध्ये गाडीच्या काचेवर किंमत चिकटवलेली असते आणि शहाणा माणूस ती कधीच देत नाही. त्या किमतीत चाळीस हजारांची सूट दडवलेली असते. जो घासाघीस करतो, तिच्या मागे लागतो, त्याच्या पदरात ती पडते. गिऱ्हाइकानं मागितलीच नाही, तर निम्मी मालकाची, निम्मी सेल्समनची. मी विम्याच्या टेबलावर बसते, त्यामुळे प्रत्येक कागद माझ्या सहीनं पुढे जातो. हा नियम काढणाऱ्याला माणसं चांगलीच कळली होती, मेल्याला.

राजानंद आमचा सगळ्यात गुणी सेल्समन. गाव तीर्थपुरी. पगार अकरा हजार, बाकी सगळं पोट विकलेल्या गाड्यांवर. गिऱ्हाइकासोबत म्हातारी आई आली, तर हा आधी तिला पंख्याखाली बसवायचा. खोटं कधी बोलायचा नाही, फक्त न विचारलेलं सांगायचा नाही. "वकीलच व्हायचं होतंस," म्हणून मी त्याला चिडवायची.

गेल्या वर्षी जूनमध्ये त्याचे काकासाहेब सर आले. दहावीत गणितात नापास झालेल्या राजानंदला त्यांनी वर्षभर रोज सकाळी घरी बसवून शिकवलं होतं, एक रुपया न घेता. आता निवृत्तीच्या पैशातून आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची होती.

"जय भीम, सर," म्हणत राजानंद त्यांच्या पाया पडला. सरांनी काचेकडे पाहिलंसुद्धा नाही. "राजा, तू म्हणशील तो भाव. घरच्या माणसासंगं काय घासाघीस करायची?"

त्या महिन्यात राजानंदची एकही गाडी गेली नव्हती आणि भावनाची, त्याच्या लेकीची, नर्सिंगची फी तुंबली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यानं पूर्ण किंमत लिहिली. पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात धरून दोघांचा फोटो निघाला, सरांचा हात त्याच्या खांद्यावर. तो फोटो आमच्या भिंतीवर लागला.

दिवाळीच्या तोंडावर सर पुन्हा आले, शेजारच्या तातेरावांना घेऊन. तातेरावांना तीच गाडी हवी होती. ते भाव करायला लागले तसे सरांनी अडवलं. "इथं भाव न्हाई करायचा. पोरगं आपलं हाये."

राजानंदचा पेन थांबला. मला वाटलं, पुन्हा तेच लिहील. पण त्यानं चाळीस हजार पुरे वजा केले.

सरांनी चष्मा पुसून कागद वाचला. "मह्या टायमाला ही सूट न्हव्हती वाटतं?"

नव्हती म्हण, बाबा, मी मनातल्या मनात विनवत होते.

"होती, सर."

"बरं," एवढंच सर म्हणाले. तातेरावांच्या फोटोत ते उभे राहिले नाहीत. बाहेर उन्हात आपल्या गाडीजवळ थांबले.

पुढच्या रविवारी राजानंद आपल्या हिश्शाचे वीस हजार पाकिटात घालून तीर्थपुरीला गेला. सरांनी चहा पाजला, पाकीट परत त्याच्या खिशात ठेवलं.

"नड व्हती तर मागायचे व्हते, राजा. मी दिले असते की."

हे मला सांगताना राजानंद हमसून हमसून रडला. त्या पहिल्या कागदावर माझीही सही होती.