डिसीज्ड

दिघीहून आगरदांड्याला होडी नेणारा चाचा दर खेपेला माझ्याकडे एक इंग्रजी शब्द मागायचा. मी तेव्हा नवा मास्तर होतो. त्याचा मुलगा आगबोटीवर खलाशी होता. तो परतला की चाचाला त्याच्याशी साहेबासारखं बोलायचं होतं. वल्ह्याच्या तालावर चाचा घोकायचा, "विंड… वारा. विंड… वारा." उतारू हसायचे, "चाचा, आता साहेबाची टोपी घाला!"

एकदा त्याने तार पुढे केली. मुलाच्या नावापुढे 'डिसीज्ड' होतं. डिसीज म्हणजे आजार, एवढं मला ठाऊक होतं. मी ऐटीत सांगितलं, "आजारी आहे."

आठवड्याने शब्दकोश उघडला. तारेतल्या स्पेलिंगचा अर्थ होता, मृत.

दुसऱ्या दिवशी होडीत चाचा सगळ्यांना सांगत होता, "पोरगा डिसीज्ड हाय, दुवा करा." मला म्हणाला, "मास्तर, बरा झाला, याला इंग्रजीत काय म्हनतात?"

खरं ओठांवर आलं होतं. पण उतारू ऐकत होते आणि माझं इंग्रजी कच्चं ठरलं असतं. ते खरं आज, म्हातारपणी, प्रथमच लिहितो आहे.

"वेल," मी म्हणालो.

पलीकडचा धक्का येईपर्यंत तो वल्हवत घोकत राहिला, "वेल… बरा. वेल… बरा."