केकच्या डोक्यावरचं टेंगूळ

धारवाडातल्या केलगेरीच्या आमच्या गल्लीत सरस्वतीअक्कांना न घाबरणारा एकच जीव आहे, दूधवाल्याची म्हैस. आणि तीसुद्धा अक्का दारात उभ्या असल्या की शेण दोन घरं पुढे जाऊन टाकते.

अक्का मूळच्या अळणावरकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन धारवाडात आल्या त्याला जमाना झाला, पण अजून सगळी कामं जमिनीवर बसून करतात. भाजी चिरणं, तांदूळ निवडणं, मालिका बघणं, बहिणीशी फोनवर भांडणं, सगळं एक मांडी मोडून आणि एक गुडघा उभा ठेवून. घरात डायनिंग टेबल आहे. त्यावर अप्पाजींची औषधं असतात. अप्पाजी म्हणजे अक्कांचे यजमान. बोलायचं काम त्यांनी लग्नानंतर अक्कांकडे सोपवलं ते अजून परत घेतलेलं नाही.

सून मनीषा घरी केक करून विकते. अख्खी गल्ली अक्का म्हणते म्हणून तीही सासूला अक्काच म्हणते. केक या पदार्थाबद्दल अक्कांचं मत सुरुवातीपासून स्पष्ट होतं. "ना उकडलेलं, ना तळलेलं, वर साबणाचा फेस. ह्याला पक्वान्न कोण म्हणेल ग?" पण उणकलची ती भानगड झाली आणि त्या दिवसापासून अक्कांनी केकविरुद्ध बोलणं बंद केलं.

भानगड अशी. मनीषाची कॉलेजातली मैत्रीण प्रिया हुबळीजवळ उणकलला दिलेली. तिच्या मुलाच्या बारशाला मनीषाने पहिल्यांदाच दोन मजली केक केला. भट्टीतून निघालेला केक वरून सपाट नसतो, मध्ये फुगतो, डोक्यावर टेंगूळ आल्यासारखा. ते टेंगूळ कापून सपाट करायचं आणि मगच वर दुसरा केक ठेवायचा. मनीषाने घाईत ते कापलं नाही, क्रीमखाली झाकलं. बारशाला ऐन पाळणा म्हणताना वरचा मजला हळूच घसरला आणि प्रियाच्या सासूबाईंच्या, भाग्यलक्ष्मींच्या, इरकली साडीवर जाऊन बसला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. धारवाड–हुबळीत बातमी बसने जाते, व्हिडिओ त्याच्याही आधी पोचतो.

गिरणीत एका बाईंनी तो हौसेने अक्कांना दाखवला. अक्कांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या लेकीच्या लग्नात भात करपला होता. त्याचा व्हिडिओ आम्ही काढला नाही. मुरवत असते की हो माणसाला."

त्या दिवसापासून मनीषाने दोन मजली केकची ऑर्डर घेतली नव्हती. आता त्याच बाळाचा पहिला वाढदिवस आला आणि प्रिया घरात हट्टाला पेटली. केक मनीषाच करणार. भाग्यलक्ष्मी शांतपणे म्हणाल्या, "आगली. होऊ दे. पण ह्या वेळी पडला तर त्या मैत्रिणीचं नाव ह्या घरात पुन्हा निघायचं नाही." प्रियाने हे फोनवर सांगितलं. मनीषाने ऐकून घेतलं, आणि पडला तर आपणही भट्टी विकून मोकळं व्हायचं असं मनाशी ठरवलं. हे तिने फक्त नवऱ्याला, नागेशला सांगितलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत ते अक्कांना कळलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी चार केक फ्रीजमध्ये गार होऊन तयार होते. एकेका मजल्याला दोन, म्हणून दोन मोठे, दोन लहान, चौघांच्या डोक्यावर टेंगूळ. गरम केक कापला तर भुगा होतो, म्हणून रात्रभर थांबावं लागतं. मनीषाने दातेरी सुरी धुऊन पुसली, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून अप्पाजींनी वर्षातल्या मोजक्या वाक्यांपैकी एक उच्चारलं.

"आज ग्रहण आहे. वेध लागले."

अक्का आत आल्या, सुनेच्या हातातली सुरी काढून घेतली आणि फळीवर ठेवली. मनीषाला आठवा महिना होता. गरोदर बाईने ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं.

"अक्का, चंद्र उगवताना लागणार आहे ते. आत्ता सकाळ आहे."

"वेध लागलेत."

"मला वेध दुपारनंतर लागतात. पंचांगातच लिहिलंय, गरोदर बाईला सूट असते."

"पंचांग लिहिणाऱ्याला सून असते का?"

मनीषाने सुरी पुसलेलं फडकं घडी करून ठेवलं. दोन वर्षांपूर्वी ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. तेव्हा ग्रहण नव्हतं, काहीच नव्हतं, सगळं पथ्य नीट पाळलं होतं. म्हणूनच अक्का आता कशालाही सूट द्यायला तयार नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर मनीषाचा ग्रहणावर विश्वास नव्हता, पण फळीवरच्या सुरीकडे तिचा हातही जात नव्हता.

ग्रहण सुटेपर्यंत थांबावं तर केक कधी भरणार, कधी गार होणार, कधी सजणार. डॉक्टरांनी जागरण बंद केलेलं. आणि वाढदिवस सकाळचा.

नागेश बेलूरच्या कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर. अक्कांनी त्यालाही फोन लावला.

"आज तू पण काही कापायचं नाहीस."

"आई, माझं कामच कापायचं आहे."

"मग दुसरं माग."

त्याने खाली मान घालून सुपरवायझर वादिराजांना विचारलं. वादिराजांनाही आई होती. त्यांनी नागेशला दिवसभर स्टोअरमध्ये बसवलं.

फोन ठेवून अक्का म्हणाल्या, "मी कापते. तू खुर्चीत बस आणि सांग. हात मांडीवर ठेव."

मनीषाने पहिला मोठा केक फिरत्या पाटावर ठेवला. हा पाट म्हणजे केकवाल्यांचं चाक, हाताने ढकललं की गोल फिरतं. केकच्या कडेला एका उंचीवर तिने दातकोरण्या टोचल्या. टोचणं म्हणजे कापणं नव्हे, ही परवानगी थोड्या वादानंतर मिळाली. मग ती खुर्चीत जाऊन बसली.

"त्या काड्यांच्या बरोबर वरून सुरी न्यायची, अक्का. आधी कडेकडेने थोडीच. दाबायची नाही."

अक्कांनी सुरी हातात घेतली. उभं राहून कापायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी केककडे लाल भोपळ्याकडे बघावं तसं बघितलं, एक हात वर ठेवला आणि सुरी या कडेतून त्या कडेला ओढून नेली.

"थांबा," मनीषा म्हणाली. पण उशीर झाला होता. टेंगूळ निघालं खरं, पण त्याबरोबर पलीकडची एक बाजूही निघाली. केक रिक्षासारखा एका अंगाला कलला.

बाहेर अप्पाजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते आतपर्यंत ऐकू आलं.

"एका बाजूने उतरता झालाय ना?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"क्रीमने भरून निघेल?"

"मागच्या वेळी मी तेच केलं होतं, अक्का."

अक्कांनी सुरी खाली ठेवली. बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली. त्या माफी मागतील असं मनीषाला क्षणभर वाटलं आणि तिला भीती वाटली, कारण अक्का माफी मागायला लागल्या तर या घरात धरून राहायला काही उरणार नव्हतं. ती भराभर बोलू लागली. "हा राहू दे, ह्याचं बघू. अजून तीन आहेत. तुम्ही सुरी हलवता ना, तिथे चुकतंय. सुरी हलवायची नाही. विळी कधी हलते का? तुम्ही विळी पायाखाली धरता आणि भाजी फिरवता. तसंच. सुरी जागच्या जागी, केक फिरेल."

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. मग पाट उचलून फरशीवर ठेवला, एक मांडी मोडली, एक गुडघा उभा केला, सुरी धरलेल्या हाताचं कोपर त्या गुडघ्यावर टेकवलं आणि डाव्या हाताने पाट फिरवायला लागल्या.

सुरीचं पातं दुसऱ्या केकच्या कडेत नखाएवढं शिरलं. पाट फिरला. चोहीकडून एक बारीक रेघ उमटली, जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. पुन्हा एक फेरा, सुरी थोडी आत. पुन्हा एक.

"आस्ते," मनीषा म्हणाली.

"तू श्वास घे आधी. मघापासून घेतलेला नाहीस."

वरची चकती सुटली. मनीषा खुर्चीतून वाकून, एक डोळा मिटून बघत राहिली. सपाट होता. अक्कांनी तिसरा पुढे ओढला.

तिसऱ्याच्या मध्यावर मनीषाने "आई ग" म्हणून पोटावर हात दाबला. अक्कांचा हात जागीच थांबला. सुरी केकच्या पोटात, पाट स्थिर. मान वर करायची त्यांची हिंमत झाली नाही.

"काय झालं?"

मनीषाने पोटावरचा हात जरा सरकवून चाचपलं.

"पाय मारला."

"नुसता पाय ना?"

"नुसता पाय."

"मग मारू दे. आईचा केक बघायचाय त्याला." अक्कांनी पाट फिरवला.

चौथाही निघाला. आता उरला तो कललेला पहिला. मोठे केक दोनच, तो टाकून भागणार नव्हतं. कापून काढलेल्या टेंगळांमधला एक पाचरीसारखा तुकडा मनीषाने मागितला. अक्कांनी तो तिच्या सांगण्याप्रमाणे कापून दिला. मनीषाने उताराच्या बाजूला क्रीम फासून तो बसवला, वर पुन्हा क्रीम, आणि त्या अंगाला एक दातकोरणी खूण म्हणून टोचली. क्रीम फासायला तिने चपटं पातं घेतलं तेव्हा अक्कांनी ते आधी अंगठ्यावर घासून बघितलं. बोथट होतं. "चालेल," म्हणाल्या. चंद्र उगवायच्या आत सगळं फ्रीजमध्ये गेलं. प्रत्येक डब्यावर अक्कांनी दर्भाची एकेक काडी ठेवली आणि जागा उरली म्हणून लोण्याच्या पाकिटावरही ठेवली.

सकाळी सजावट झाली. शेजारच्या दीपकने गाडी काढली. वरचा मजला मागच्या सीटवर, खालचा अक्कांच्या पायांशी, खुणेची बाजू त्यांच्या घोट्याला टेकलेली. हुबळीच्या रस्त्याला गतिरोधक आला की अक्का म्हणायच्या, "दीपक," आणि दीपक गाडी अशी चालवायचा की मागून हॉर्नची वरात निघायची. मनीषा पुढे बसली होती. तिने रस्ताभर मागे वळून बघितलं नाही.

उणकलच्या घरात पाहुणे आधीच जमलेले. मागचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता, त्यामुळे नव्याची तयारी होती. मनीषाने खालचा केक टेबलावर ठेवला, खूण भिंतीकडे करून ती काडी गुपचूप काढली आणि वरचा मजला दोन्ही तळव्यांवर उचलला, तेव्हा चारीकडून मोबाइल वर गेले. भाग्यलक्ष्मी समोर बसल्या होत्या. आज साडी साधी होती.

मजला टेकला. मनीषाने एक हात काढला. मग दुसरा.

काहीच झालं नाही. लोक थांबले. अजून काही झालं नाही. एक बाई हळूच म्हणाल्या, "थांबा, वेळ लागतो." प्रिया बाळाला कडेवर घेऊन उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते.

भाग्यलक्ष्मी उठल्या. टेबलाला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या आणि वाकल्या. डोळा केकच्या पातळीला आणून बराच वेळ बघत राहिल्या.

"इल्ली," त्या बोट दाखवून म्हणाल्या. "इथे क्रीम जाड आहे. आत काहीतरी लपवलंय."

मनीषाने तोंड उघडलं, पण आवाज अक्कांचा आला.

"तिथे माझा हात चुकलाय. माझ्या सुनेचा नाही. तिने काप म्हणून सांगितलं तसं मी कापलं नाही, म्हणून ते ठिगळ आहे." अक्कांनी पदर सारखा केला. आमच्या गल्लीतला दीपक बाहेर गाडीत थांबला नसता तर त्याला आपण नीट ऐकलं का असा प्रश्न पडला असता. "बाकीचे तीन बरोबर आहेत. कापून बघा."

"तुम्ही का कापलं?"

"काल ग्रहण होतं. हिला आठवा."

भाग्यलक्ष्मी ताठ झाल्या. त्यांनी पहिल्यांदाच मनीषाच्या पोटाकडे नीट बघितलं, मग तिच्या सुजलेल्या पावलांकडे, आणि मग प्रियाकडे वळल्या. त्या इतक्या रागावलेल्या दिसल्या की प्रियाने बाळ छातीशी घट्ट धरलं.

"हिला आठवा आहे हे मला कुणी का सांगितलं नाही? घटकाभर उभी आहे ती. कुर्ची ता, ता." कुणीतरी खुर्ची आणली. भाग्यलक्ष्मींनी मनीषाला खांद्याला धरून बसवलं. मग अक्कांना म्हणाल्या, "काल आमच्या घरातली ईळिगी, विळी हो, मीच कपाटात कुलूप लावून ठेवली होती. आमची धाकटी सून चौथ्यात आहे. दिवसभर घरात भाजी चिरली नाही."

"मग जेवलात काय?"

"अप्पे."

"बरं केलंत," अक्का म्हणाल्या.

बाळाच्या हातात सुरी देऊन, त्यावर प्रियाचा हात, त्यावर आजीचा, असा केक कापला गेला. वरचा मजला कापून संपला तरी खालचा जागचा हलला नाही. पडेल म्हणून मोबाइल धरून उभ्या राहिलेल्यांचे हात एव्हाना भरून आले होते. एकेकाने ते खाली घेतले आणि बशा मागायला सुरुवात केली.